छाती : लागू नाही

पोलिसांना जीव असतो, ही बाब खात्याला तत्त्वतः मान्य आहे. त्या जिवाच्या रक्षणासाठी आमच्याकडे तीनशे बारा संरक्षक जॅकेटं आली आणि ती सगळी एकाच मापाची होती. राजधानीतल्या एका समितीने 'मानक जवान' नावाचा पुरुष कागदावर तयार केला होता. उंची पाच फूट नऊ इंच, छाती अडतीस, पोट नाही. या जवानाला आजवर कुणी पाहिलेलं नाही, पण जॅकेट त्याला उत्तम बसत होतं.

मी रघुवीर मुळ्ये, संरक्षक परिधान प्रकोष्ठाचा बडा बाबू. प्रकोष्ठ म्हणजे इंदुरात दोन खोल्या, एक कूलर आणि मी. आमचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते. कागदावर जे नाही ते जगात नाही, ही शिकवण आमच्या घराण्यात चार पिढ्या चालत आलेली आहे. म्हणून सांगतो, पुढे जे घडलं ते सगळं नस्तीत, म्हणजे फायलीत, आहे. जे नस्तीत नाही तेवढंच इथे जास्तीचं सांगतोय.

सुरुवात आरक्षक, म्हणजे पोलीस शिपाई, शोभना लोंढे हिच्या अर्जाने झाली. अर्ज द्यायला ती जॅकेट घालूनच आली. उंची पाच फूट एक इंच. दारातून जॅकेट आधी आलं, मग थोड्या वेळाने शोभना आली. मी तिला बसायला सांगितलं. ती बसली तशी जॅकेटची खालची कड मांड्यांवर टेकली आणि सगळं जॅकेट वर सरकून तिच्या नाकापर्यंत आलं.

"बाबूजी," आतून आवाज आला, "हे असं होतं."

"जॅकेट मानक आहे," मी म्हणालो.

"असेल ना. पण गाडीवर बसले की मला रस्ता दिसत नाही. आणि हे बघा." तिने हात वर केला. काखेखाली एवढी फट पडली की मला तिच्यातून पलीकडचा कूलर दिसला. "चोर काय समोरून येतो का, मी मानक जागी उभी राहीन म्हणून?"

अर्ज आमचे प्रभारी अधिकारी रजत सरमंडल साहेबांकडे गेला. साहेब तरुण, नुकतेच एका प्रशिक्षणाहून आलेले, त्यामुळे त्यांना अजून कामात रस होता. ते म्हणाले, "मुळ्येजी, ये फिटिंग का मामला है. एक्स्पर्ट बोलवा." अशा रीतीने परदेशीपुऱ्याच्या चारुलता टोंगे आमच्या इतिहासात आल्या.

चारुलताबाई पॉलिटेक्निकमध्ये बेतणं आणि शिवण शिकवायच्या. वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली, पण कापडाकडे बघायची नजर घरात राहिली. बाई आल्या, त्यांनी मानक जॅकेट टेबलावर पसरलं, उलटं केलं, मुंढ्यातून हात घालून पाहिला आणि विचारलं, "हे कुणासाठी बेतलंय?"

"सगळ्यांसाठी," साहेब म्हणाले.

"म्हणजे कुणासाठीच नाही. साहेब, माझ्याकडे ब्लाउज शिवायला आलेल्या दोन सख्ख्या बहिणींचं माप एक नसतं. आणि तुम्ही एका मापात तीनशे माणसं घालताय? आधी मापं घेऊ."

हे वाक्य इतकं सरळ होतं की ते टिपणात कसं लिहावं, मला कळेना. मी लिहिलं : 'देहनिहाय मापनाची शक्यता तपासण्याचे ठरले.'

मापं घेण्याचा कार्यक्रम पोलीस लाइनच्या मैदानावर सकाळी आठला होता. इंदुरात सकाळी आठ ही पोह्यांची वेळ. पोहे, त्यावर शेव, बाजूला जिलबी, असा नाश्ता करून जवान आले, ओळीत उभे राहिले आणि बाईंनी टेप काढताच सगळ्या ओळीने एकदम श्वास आत ओढला. इतकी शिस्त मी कुठल्याही परेडला पाहिलेली नाही.

पहिला मान थाना प्रभारी संताजी बोळे यांचा. शोभना त्यांच्याच थान्यात. संताजीराव उंचेपुरे, मिशा भरघोस, आवाज दमदार. बाईंनी टेप पोटाभोवती नेली.

"चौतीस लिहा," संताजीराव छताकडे बघावं तसं आकाशाकडे बघत म्हणाले.

"अहो, अजून टेप पुढे आली नाहीये."

"ताई, माझ्या सर्व्हिस बुकात चौतीस आहे. सरकारी रेकॉर्ड आहे. तुमची टेप सरकारी आहे का?"

बाईंनी श्वास सोडायला सांगितला. संताजीरावांनी नकार दिला. मिनिटभर दोघेही थांबले. संताजीरावांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला, तेव्हा साहेबांनी मध्ये पडून कार्यक्रम स्थगित केला.

त्यानंतरच्या बैठकीत खरी अडचण पुढे आली आणि ती गंभीर होती. दर वर्षी प्रत्येक जवानाला शारीरिक पात्रतेचं प्रमाणपत्र मिळतं. त्यात कमरेचा आकडा असतो. तो सर्व्हिस बुकावरून उतरवलेला असतो. म्हणजे भरतीच्या दिवशी एकोणिसाव्या वर्षी जी कंबर होती, ती पंचावन्नाव्या वर्षीही कायम असते. आता बाईंच्या टेपने पंचेचाळीस लिहिलं, तर वीस वर्षांची प्रमाणपत्रं खोटी ठरतात. त्यावर सह्या करणारे डॉक्टर अडकतात. त्या प्रमाणपत्रांवर मिळालेल्या बढत्या अडकतात. बढत्या देणारे तर आता फार वर गेलेले होते.

"म्हणजे एका पोटाने अख्खा विभाग बाहेर येतो," साहेब हळूच म्हणाले. हे मी टिपणात घेतलं नाही.

ठराव झाला : मापं शरीरावरून न घेता सर्व्हिस बुकावरून घ्यावीत. चारुलताबाई उभ्या राहिल्या. "मग जॅकेटही सर्व्हिस बुकालाच घाला," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून निघून गेल्या. मी लिहिलं : 'तज्ज्ञांनी सूचना केली.'

मापांचा तक्ता कारखान्याला गेला. पुरुषांचे आकडे सापडले. महिलांच्या बाबतीत पेच पडला. भरतीत पुरुषांची छाती मोजतात, महिलांची मोजत नाहीत. त्यामुळे प्रत्येक महिलेच्या सर्व्हिस बुकात त्या रकान्यात एकच नोंद होती, 'छाती : लागू नाही'. मी ती जशीच्या तशी उतरवली. बदल करण्याचा मला अधिकार नव्हता.

कारखान्याचा माणूस प्रामाणिक होता. महिन्याभरात महिलांसाठी नमुन्याचं जॅकेट आलं. त्याला पाठ होती, खांदे होते, पट्टे होते. पुढचा भाग नव्हता. सोबत पत्र होतं : 'आपल्या तक्त्यानुसार छाती लागू नसल्याने अग्रभाग देण्यात आलेला नाही. कृपया पोच द्यावी.'

मी पोच दिली. शोभनाने ते जॅकेट घालून पाहिलं आणि साहेबांना विचारलं, "सर, हे घालून मी चोराकडे पाठ करून उभी राहू का?"

साहेबांनी विचार केला. खरंच केला, मी समोर होतो. मग म्हणाले, "अ‍ॅक्च्युअली, पाठलागाच्या वेळी नाही चालणार."

त्या दिवशी संध्याकाळी शोभना परदेशीपुऱ्यात चारुलताबाईंच्या घरी गेली. हे मला नंतर तिनेच सांगितलं. बाई भाजी निवडत होत्या. शोभनाने जॅकेट पुढे ठेवलं. बाई आधी हसल्या, पुष्कळ हसल्या आणि मग त्यांनी जॅकेट हातात घेतलं.

"तुझी ड्यूटी कुठे असते गं?"

"बुधवारी खजराना मंदिराच्या रांगेत. बाकी दिवस गाडीचोरांच्या मागे. ताई, घरी आई असते आणि साडेतीन वर्षांची मुलगी. मुलगी रोज विचारते, मम्मी, तू डब्यात का जातेस?"

बाईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. "हात वर कर. श्वास सोड. पूर्ण सोड."

शोभनाचं जुनं मानक जॅकेट उसवून आतल्या खास धाग्याच्या कापडाचे थर बाईंनी मोकळे केले. पुढच्या भागासाठी आणखी लागणारे थर त्यांना कारखान्याने आधीच, तज्ज्ञ म्हणून बोलावलं तेव्हा, नमुन्यादाखल पाठवलेले होते. त्यांनी कटोरी ब्लाउजचा बेत काढला आणि तोच या जाड थरांवर कसा वळवायचा याचा पंधरा दिवस अभ्यास केला. टक्स घातले असते तर त्या शिवणीतून हत्याराचं टोक आत शिरलं असतं, म्हणून त्यांनी थर एकावर एक सरकवून गोलाई आणली. मुंढा वर घेतला. काखेखाली स्वतंत्र तुकडा जोडला. सहा वेळा बोलावून अंगावर पाहिलं. प्रत्येक वेळी शोभनाला जिना चढायला लावलं, खाली वाकायला लावलं, अ‍ॅक्टिव्हावर बसवलं. सहाव्या वेळी शोभना खुर्चीवर बसली, बाईंनी दिलेला चहा तिने जॅकेट घालूनच प्यायला आणि ती रडायला लागली.

"काचतंय का कुठे?" बाईंनी घाबरून विचारलं.

"नाही हो ताई. काहीच कळत नाहीये. घातलंय असं वाटतच नाही."

आठवड्याने भर दुपारी सांवेरच्या रस्त्यावर मोटरसायकल चोरणारा एक इसम शोभनाला दिसला. सोयाबीनने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती. तो गाडी टाकून त्यांच्यामधून पळाला. शोभना मागे धावली. एका ट्रॉलीखालून वाकून निघाली आणि तिने त्याची कॉलर धरली. त्याने वळून हातातला पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, तिच्या डाव्या काखेखाली मारला, नेमका तिथे, जिथून मला कूलर दिसला होता. पेचकस जॅकेटवर वाकडा झाला. त्या माणसाने पेचकसाकडे पाहिलं, शोभनाकडे पाहिलं आणि नुसता "अरे यार" म्हणाला. तिने त्याला तिथेच खाली पाडलं. ट्रॉलीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तिला कारणे दाखवा नोटीस गेली. मसुदा माझा होता. नोंदीनुसार तिच्या नावावर मानक जॅकेट दिलेलं होतं. घटनेच्या वेळी तिच्या अंगावर अमान्य जॅकेट होतं. सबब, तिला दुखापत न होणं हे अनधिकृत होतं. निलंबनाचा प्रस्तावही सोबत जोडला होता.

चौकशीला साहेब, संताजीराव आणि डॉक्टर होते. मी टिपण घेत होतो.

"मान्य जॅकेट घातलं असतं तर पेचकस लागला असता का?" साहेबांनी विचारलं.

"हो सर."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो सर."

"मग मान्य जॅकेट न घालण्याचं कारण?"

"हेच सर."

डॉक्टरांनी मध्येच विचारलं, की जखम नसताना वैद्यकीय अहवालात काय लिहायचं. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. बऱ्याच चर्चेनंतर त्यांनी लिहिलं, 'जखम : प्रलंबित'.

संताजीराव पूर्ण वेळ त्या वाकड्या पेचकसाकडे बघत होते. पुरावा म्हणून तो टेबलावर ठेवला होता. त्यांना स्वतःचं मानक जॅकेट पुढून लागत नसे. मधे वीतभर वर्दी उघडी राही आणि तिच्यामागेच त्यांचं काळीज, यकृत आणि इतर महत्त्वाच्या बाबी होत्या. निकाल पुढच्या सोमवारी द्यायचं ठरलं.

रविवारी दुपारी साध्या कपड्यांत ते परदेशीपुऱ्यात गेले. दार लावून घेतलं.

"मॅडम, मोजा."

बाईंनी मोजलं. पंचेचाळीस.

"जॅकेट पंचेचाळीसचं शिवा. पण कागदावर पंचेचाळीस लिहू नका. मुलीचं लग्न ठरतंय, रिटायरमेंट जवळ आलीये. या वयात मी खोटा ठरायला नको."

"आकडा खोटा लिहिला तर कारखाना खोटंच शिवणार ना? मग तो आकडा जाणार तुमच्या पोटावर."

बाईंची नजर हातातल्या टेपवर होती. "संताजीराव," त्या एकदम म्हणाल्या, "आकडा खोटा लिहायचा नाही. पण इंच किती मोठा, हे कुठे कुणी लिहून ठेवलंय?"

त्यांनी पांढऱ्या सुती पट्टीचा एक लांब तुकडा काढला आणि बॉलपेनने त्यावर खुणा केल्या, सव्वा सव्वा इंचावर एकेक. पट्टी संताजीरावांच्या पोटाभोवती फिरली आणि छत्तीसवर येऊन थांबली. त्यांनी श्वास आत ओढलेला नव्हता. त्यांनी वाकून आकडा वाचला, पुन्हा वाचला. त्यांची मिशी हलली.

"छत्तीस! म्हणजे इतक्या वर्षांत फक्त दोन इंच?"

"फक्त दोन. कापताना मी सव्वापट धरीन."

सोमवारी निकालाआधी संताजीरावांनी विशेष बाब म्हणून पट्टी टेबलावर ठेवली. साहेबांनी ती हातात घेतली, खुणांकडे पाहिलं, आपल्या आखणीच्या पट्टीकडे पाहिलं. ते अभियांत्रिकी शिकलेले होते, त्यांना दोन सेकंदांत सगळं कळलं. मग साहेब उठले आणि त्यांनी पट्टी स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळली.

"अठ्ठावीस," साहेब म्हणाले. "कॉलेजमध्ये पण नव्हती. मुळ्येजी, एक्सलंट डिझाइन आहे."

"सव्वा शुभच असतो, साहेब," मी म्हणालो.

त्यानंतर सगळं फार वेगाने झालं. 'विभागीय मापपट्टी' मंजूर झाली आणि सव्वापट धरून कापण्यासाठी तिचा एक नमुना कारखान्यालाही गेला. देहनिहाय मापन मंजूर झालं. चारुलताबाईंच्या जॅकेटला मागील तारखेपासून मान्यता मिळाली, त्यामुळे शोभनाची दुखापत न होणं आपोआप अधिकृत झालं. डॉक्टरांनी 'प्रलंबित' खोडलं. नोटीस मागे घेतली गेली आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला तिचं अभिनंदन टंकित झालं : 'विभागाने पुरवलेल्या मानक जॅकेटमुळे आरक्षकाचे प्राण वाचले.' शोभनाने ते वाचलं आणि मला म्हणाली, "बाबूजी, चालेल. पण मला खऱ्या टेपनेच मोजा हं. मला कुणापासून काही लपवायचं नाहीये."

महिलांचा रकाना मात्र बदलता आला नाही, कारण फॉर्म राजधानीत छापतात. तिथे आजही 'छाती : लागू नाही' असंच आहे. बाईंनी खाली हाताने एक ओळ वाढवली, 'अग्रभागीय समायोजन', आणि पुढे आकडा. कारखान्याला एवढं पुरलं. पुढचा भाग येऊ लागला.

मापनाचा दिवस सणासारखा गेला. जवान पोहे खाऊन आले आणि कुणीही श्वास रोखला नाही. बत्तीस, चौतीस, तेहतीस, असे आकडे मैदानभर ऐकू येत होते. "अरे भिया, मैं तो वैसा का वैसा हूँ!" असं म्हणत लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. सगळ्यांना माहीत होतं. कुणीही काही म्हणालं नाही. एका उत्साही आरक्षकाने मात्र त्याच पट्टीने उंची मोजली. ती चार फूट साडेसहा इंच भरली, म्हणजे तो नोकरीलाच अपात्र ठरत होता. आम्ही त्याच दिवशी परिपत्रक काढलं : 'विभागीय मापपट्टी फक्त आडवी वापरावी.'

जॅकेटं आली आणि बसली. प्रत्येकाला बसली. वाकता येत होतं, धावता येत होतं, काखेखाली फट नव्हती. संताजीराव जॅकेट घालून मैदानाला एक पूर्ण चक्कर मारून आले आणि धापा टाकत बाईंना म्हणाले, "मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा सरकारने मला ओळखलं." प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांनीही तीच पट्टी मागवून घेतली. आता वीस वर्षांत पहिल्यांदाच सर्व प्रमाणपत्रं खरी आहेत. चारुलताबाईंना मी विचारलं, की एवढ्या खटाटोपाचं वाईट नाही वाटत का. त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "माणूस वाचला ना? मग त्याला हवा तो आकडा घेऊ दे. कापड कधी खोटं बोलत नाही."

मला वाटलं होतं, ही गोष्ट इथे संपली. पण परवा मी आणि आमची ही, अमिता, एका मोठ्या दुकानात पँट घ्यायला गेलो. मी चौतीस मागितली. विक्रेता अदबीने म्हणाला, "अंकल, आपको बत्तीस आएगी." मी घातली. बसली. आरशात उभा राहून मी चांगली पाच मिनिटं स्वतःकडे बघत होतो. लगेच दोन घेतल्या. घरी आल्यावर सवयीने आखणीची पट्टी लावली आणि कंबरपट्टा मोजला. साडेसदतीस भरला. म्हणजे बाईंची युक्ती दुकानदारांना त्यांच्याही आधीपासून ठाऊक होती.

वाचक हो, पोलिसांना पुष्कळ हसलात. आता जरा उठा, कपाटातली तुमची सगळ्यात लाडकी पँट किंवा कुर्ती काढा आणि आत शिवलेला आकडा वाचा. छान वाटतंय ना? घरात पोरांची पट्टी असेल, तर ती लावून बघण्याचा मोह होईल. लावू नका. हा माझा विभागीय सल्ला आहे. आणि लावलीच, तर माझ्यासारखं करा : मी कुणाला न सांगता पट्टी परत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तिसरी पँट घेऊन आलो.